पायाखालची हवा

हिवाळ्याच्या तोंडावर तुंगनाथाची उत्सवमूर्ती पालखीतून मक्कूमठला उतरते, मंदिराची कवाडं बंद होतात आणि गढवालमधली चोपत्याहून वर जाणारी फरसबंद वाट बर्फाखाली जाते. पंचकेदारांतला हा तिसरा केदार ३,६८० मीटरवर आहे. त्याच्याही वर, सुमारे ४,००० मीटरवर, चंद्रशिलेचा माथा. चढाई जिथून सुरू होते ते चोपताच कळसूबाईच्या शिखरापेक्षा हजारेक मीटर उंच. तरीही पहाटे निघालं की संध्याकाळच्या आत माथा गाठून परत येता येतं. सह्याद्रीत तयार झालेले कितीतरी पाय पहिला बर्फ इथेच तुडवतात. आणि तुडवतात ती बहुतांशी हवा असते!

ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या थरात साधारण नऊ दशांश जागा हवेची. उरलेल्या एका हिश्शात बर्फाचे नाजूक स्फटिक एकमेकांना जेमतेम टेकलेले. दिवसभर या वाटेवर ज्या ज्या गोष्टीचं नवल वाटतं, तिच्या मुळाशी ही अडकलेली हवा सापडते.

पांढरा रंगच घ्या. बर्फाचा एकेक स्फटिक काचेसारखा पारदर्शक असतो. खडीसाखरेचा स्वच्छ खडा कुटला की पांढरी भुकटी होते, तसंच इथे घडतं. हवा आणि स्फटिक यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश वळतो, उसळतो आणि सगळे रंग सारख्याच प्रमाणात परत येतात. ताजा बर्फ अंगावर पडलेला ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतो. म्हणून थंडीने दात वाजत असतानाही इथे काळा चष्मा लागतो. नाहीतर डोळे अक्षरशः भाजून निघतात.

आता हातातली काठी खोल बर्फात खुपसून बाहेर काढा आणि भोकात डोकावा. आत फिकट निळाई दिसेल. बर्फ लाल प्रकाश किंचित जास्त शोषतो. पृष्ठभागावर ते जाणवत नाही. पण भोकातला प्रकाश कणाकणांतून बराच प्रवास करून आलेला असतो, वाटेत त्यातला लाल झिजतो आणि निळा उरतो.

बुरांश आणि खर्सूच्या जंगलातली शांतताही याच हवेची करामत. आवाजाच्या लहरी बर्फातल्या बारीक पोकळ्यांत शिरतात आणि तिथेच विरतात. पुढे गेलेल्या सोबत्यांच्या गप्पा म्हणूनच लवकर ऐकू येईनाशा होतात.

कोंडलेली हवा उष्णताही सहजी जाऊ देत नाही. वरचा वारा शून्याच्या बराच खाली असताना जाड थराखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास टिकते. तुंगनाथच्या खडकांत राहणारा पिका, म्हणजे सशाचा मुठीएवढा, बिनशेपटीचा भाऊबंद, हिवाळाभर झोपून राहत नाही. ज्या बर्फावर आपण कुडकुडतो, तोच त्याच्या बिळावरचं छप्पर असतो.

मुळात एवढी हवा अडकते, कारण स्फटिक फांद्यांचे असतात. त्यांना नेहमी सहाच कोन का, हा प्रश्न केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडला. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात, हे उत्तर मिळायला त्यानंतर तीन शतकं लागली. १९३६ साली जपानच्या होक्काइडोत उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत पहिला हिमस्फटिक वाढवला आणि दाखवून दिलं, की आकार ठरतो तो तापमान आणि बाष्प यांवर. उणे पाचच्या सुमारास सुया, उणे पंधराला फांदीदार चांदण्या. चांदणीच्या रूपावरून ती ज्या ढगात वाढली तिथल्या हवेचा अंदाज बांधता येतो.

जमिनीवर पडल्यावर चांदण्या फार काळ चांदण्या राहत नाहीत. टोकं झिजतात, कण गोलसर होतात, एकमेकांना सांधले जातात. शेकडो बुटांखाली हवा निघून गेली, दुपारी वरचा थर वितळला आणि रात्री पुन्हा गोठला, की सकाळी त्याच वाटेवर काचेसारखा निसरडा पापुद्रा तयार! बुटांना मायक्रोस्पाइक्स लावायचे ते यासाठी. कडेच्या भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, पण निदान घसरत नाही.

माथ्यावर चौखंबा शिखर समोर उभं राहतं आणि श्वास अपुरा पडतो, कारण हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के उरलेला असतो. समुद्र मात्र पायाखालीच असतो. हा बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली वाटेत कधी अरबी समुद्राचंही बाष्प उचलतात. चंद्रशिलेचा हा डोंगर पाणलोटाची सीमा आहे. उन्हाळ्यात एका उतारावरचा बर्फ वितळून मंदाकिनीकडे जाईल, दुसऱ्या उतारावरचा अलकनंदेकडे, आणि दोन्ही पाणी रुद्रप्रयागला पुन्हा एक होऊन गंगेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळेल.