साबणाच्या पाण्यातील न जुळणारा हिशेब



आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारट तर आहेच, शिवाय ते अल्कधर्मीही आहे. त्यात धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट विरघळलेले आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही या परिसरात काच आणि साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आढळते. सोड्यावर चुन्याची प्रक्रिया करून कॉस्टिक सोडा करायचा आणि तो तेलाबरोबर शिजवायचा, की साबण तयार! ही कृती माणसाला शेकडो वर्षे ठाऊक होती. पण पाण्यात गेलेला साबण नेमके काय करतो, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. ते कोडे सोडवणारे भौतिक रसायनशास्त्रज्ञ जेम्स विल्यम मॅकबेन पुढे आपल्या पुण्यात आले होते.

मॅकबेन यांचा जन्म १८८२ साली कॅनडात झाला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी साबणाच्या द्रावणांचा अभ्यास केला. पाण्यात जितके जास्त कण विरघळतात, तितका त्याचा बाष्पदाब उतरतो. त्यावरून कणांची संख्या काढता येते. साबणाच्या दाट द्रावणात ही संख्या अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. द्रावणातून वीज वाहून नेतात ते विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन. कण कमी, तर वीजही कमी वाहायला हवी. पण द्रावण वीज चांगलीच वाहून नेत होते!

तुम्ही असता तर काय केले असते? एक मोजमाप चुकले म्हणून खोडून टाकले असते?

मॅकबेन यांनी दोन्ही मोजमापे खरी मानली. दहा माणसे एकाच बैलगाडीतून बाजाराला गेली, तर गाडी एकच मोजली जाते. माणसे मात्र दहाच्या दहा पोचतात. तसेच साबणाचे अनेक आयन एकत्र येऊन एक पुंजका बनत असला पाहिजे. कण एक, भार अनेकांचा! १९१३ साली त्यांनी ही कल्पना मांडली. या पुंजक्याला ‘मायसेल’ म्हणतात.

अनेकांना ते पटेना. सारखा भार असलेले आयन एकमेकांना दूर लोटतात, मग ते एकत्र कसे राहतील? उत्तर आयनाच्या रचनेत आहे. त्याच्या भारित डोक्याला पाणी आवडते, लांब शेपटीला नको असते. म्हणून शेपट्या आत लपतात आणि डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. कपड्यावरचे तेल या शेपट्यांमध्येच शिरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. पुंजक्याच्या आकाराविषयीच्या मॅकबेन यांच्या चित्रात हार्टले यांनी १९३६ साली दुरुस्ती केली; मूळ कल्पना मात्र टिकली.

३ जानेवारी १९५० रोजी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक होते मॅकबेन. १९५२ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. १९५३ साली त्यांचे निधन झाले.

प्रयोगवहीत दोन निरीक्षणे जुळली नाहीत, तर घाईने खोडरबर उचलू नका. प्रयोग पुन्हा करा. तरीही ती जुळली नाहीत, तर दोन्ही खरी असू शकतील का, हा प्रश्न आपल्या शिक्षकांना जरूर विचारा.