फूटभर मुरूम, पुरुषभर काळी

महाबळेश्वर आणि दहिवडी, दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातलीच. सरळ रेषेत अंतर भरेल १०० किलोमीटरच्या आतबाहेर. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दहिवडीला ४५०-५०० झाला तरी साल बरं गेलं म्हणायचं. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्री चढताना रिता होतो आणि पूर्वेकडं उतरताना तापून आणखी कोरडा पडतो. आषाढ-श्रावणात माणदेशावरून ढग नुसते पळतात. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, सगळीकडं हेच रडगाणं. त्यात मातीचं नाव कुणी घेत नाही, आणि खरी गोष्ट तर तिथंच आहे.

खडक दोन्हीकडं एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट. महाबळेश्वरला धो धो पावसानं त्यातला चुना, सिलिका, मॅग्नेशियम धुऊन नेलं; मागं लोखंड आणि ॲल्युमिनियम उरलं, तोच जांभा. माणदेशात चुना वाहून न्यायला पाणीच पुरलं नाही. तो जरासा खाली उतरला आणि तिथंच थिजला. एखाद्या ओढ्याची तुटलेली दरड बघा. वर काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांची. तिच्यात हरभऱ्याएवढे चुनखडीचे पांढरे खडे. खाली जावं तसे ते दाट होत जातात. मग मुरूम, आणि तळाला पत्थर.

अशी दरड ओढ्याकाठीच मिळायची. महादेवाच्या डोंगररांगेवर आणि माळांवर फूटभर मुरूम आणि कुसळी गवत, एवढाच कारभार. तिथली माती पिढ्यान्‌पिढ्या वाहून खाली साचली, म्हणून खालची जमीन पुरुषभर खोल. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण मीटरभर काळी माती पिकाला वापरता येईल असं २०० मिलिमीटरच्या घरात पाणी धरते. मुरमाला त्याची चौथाईही जमत नाही. खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताचा. त्यानंतर पेरलेला शाळू पुढचे चार महिने मुरलेल्या ओलीवर पोसतो. शेतकरी कोळपं मारतो ते केवळ तणासाठी नव्हे. भेगा बुजतात, ओल उडून जात नाही. मोहोळला निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण याच हिशेबावर इतकी वर्षं टिकलंय. माळाच्या धन्याच्या वाट्याला मटकी, हुलगा, बाजरी, नाहीतर मेंढरं.

माणगंगेचंही तेच. कुळकजाईच्या डोंगरात ती उगम पावते, म्हसवडवरून आटपाडी, सांगोला तालुके ओलांडून पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. वर्षातले बहुतेक महिने पात्रात वाळूच दिसते. परक्याला ती मेलेली नदी वाटते. पण पाणी वाळूच्या पोटात असतं. झिरा उकरला की लागतं, आणि काठच्या विहिरी त्यावर तगतात. अखंड पत्थर पाणी धरत नाही, जे काही मुरतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. वाळू ट्रकांत भरून नेली की नदीची टाकीच गेली. मग बोअर कितीही खोल मारा, हाती धुरळाच येण्याची शक्यता जास्त.

आता टेंभू आणि जिहे-कठापूर योजनांतून कृष्णेचं पाणी या भागात येतंय. पिढ्यान्‌पिढ्यांची तहान आहे, त्याचा आनंद कुणालाही होईल. मला धास्ती आहे ती उसाची. काळ्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. वर पाणी सोडत राहिलं की खालचे क्षार ओलीबरोबर वर येतात आणि जमीन खारवट, चोपण होते. शिरोळ, वाळवा, मिरज भागात कृष्णाकाठच्या कितीतरी चांगल्या जमिनी अशाच गेल्या. डाळिंबानं माणदेशात बस्तान बसवलं, कारण निचऱ्याची मुरमाड जमीन त्याला मानवते आणि ठिबकवर भागतं. तेव्हा पाटाचं पाणी शेताशी आलं, की रोपं आणण्याआधी बांधाशेजारी कमरेएवढा खड्डा खणा, त्यात पाणी ओता आणि ते किती वेळात जिरतं ते बघा. दुसऱ्या दिवशीही तसंच साचलेलं दिसलं, तर तिथं ऊस लावू नका.