कुलूपबंद घर आणि धोक्याची घंटा

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांतून मुंबई-ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. चार दिवस माणसांनी गजबजलेली घरे एकामागून एक मिटतात. मागल्या दाराला अडसर घातला जातो, विजेचा मेन स्विच बंद केला जातो, पुढल्या दाराला कुलूप लागते आणि किल्ली खिशात टाकून घरधनी निघून जातो. त्यानंतर शिमग्यापर्यंत, क्वचित मे महिन्यापर्यंत, त्या दारास माणसाचा हात लागत नाही. ज्या घरी चूल पेटते, तेथेही पुष्कळदा सत्तरी ओलांडलेले एखादे जोडपेच असते. अशा ठिकाणी घरफोडी करणारास घाई करण्याचे कारण नसते. चार कौले सरकवावी, माळ्यावर उतरावे, तांब्यापितळेची भांडी आणि देव्हाऱ्यातील चांदी पोत्यात भरावी आणि आल्या वाटेने जावे. चोरी झाली हे घरच्या माणसांस कळावयाचे ते सहा महिन्यांनी!

अशा घरांसाठी विजेवर चालणारी धोक्याची घंटा, जिला आता सर्वत्र अलार्म म्हणतात, बाजारात नाना तऱ्हांनी मिळते. ती घेणाराची पहिली चूक अशी की, घंटा चोरास अडवील असे तो धरून चालतो. घंटा कोणासही अडवीत नाही. अडविण्याचे काम कडी, कोयंडा आणि खिडकीचे गज यांचे. घंटा फक्त हाक मारते. ती हाक कोणाच्या कानी जाणार आणि ऐकणारा किती वेळात येणार, हे ठरविल्यावाचून यंत्राची किंमत विचारण्यास निघणे व्यर्थ होय.

हाक मारण्याची युक्ती जुनीच आहे. दारातील कुत्रे आणि रात्री दाराआड रचून ठेवलेली भांडी याच जातीची. विजेच्या घंटेचे पहिले पेटंट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानातील ऑगस्टस पोप याने १८५३ साली घेतले. दार उघडले की विजेचे मंडल पुरे व्हावे आणि घंटा वाजावी, अशी त्याची रचना होती. तीत एक उणीव होती: तार आधीच तोडली तर घंटा मुकी होई. आजच्या चांगल्या यंत्रात याच्या उलट योजना असते. प्रवाह सारखा वाहत असतो आणि तो खंडित झाला की घंटा वाजते. त्यामुळे दार उघडणारा आणि तार कापणारा असे दोघेही पकडले जातात. खरेदी करताना विक्रेत्यासमोर एक तार सोडवून पाहावी. यंत्र गप्प राहिले तर ते तेथेच ठेवून यावे.

दारासाठी वापरावयाचा भाग अगदी साधा असतो. पल्ल्यावर एक लोहचुंबक आणि चौकटीवर काचेची बारीक नळी. नळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ जिभा चुंबकाच्या ओढीने एकमेकींस चिकटून असतात. पल्ला हलला की त्या सुटतात. बहुतेक नमुन्यांत ही फट दीड-दोन सेंटिमीटरांहून वाढली की संपर्क तुटतो. कोकणातील लाकडी दार पावसात फुगते आणि वैशाखात आकसते, म्हणून उन्हाळ्यात अगदी बेताने बसविलेला चुंबक पुढे दगा देतो. शटरसारख्या लोखंडी दारास तर साधा चुंबक लावूच नये. भोवतालचे लोखंड त्याचे बळ खाते. अशा दारांसाठी जाड चुंबकाचा निराळा नमुना मिळतो.

परंतु चोर दारानेच येईल असे कोणी सांगितले? रायगड किल्ला याच महाड तालुक्यात आहे. दरवाजे मिटल्यावर दूध विकणारी हिरकणी आपल्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला, ही कथा येथील पोरासोरांस ठाऊक असते. कथेचा ऐतिहासिक आधार काय असेल तो असो. दरवाज्यावर पहारा असता वाट भलतीकडेच होती, हे तिच्यातील मर्म घर राखणाराच्या उपयोगाचे आहे. घंटा घेण्यापूर्वी घरधन्याने एकदा चोराच्या दृष्टीने घराभोवती फिरावे. परसदारचे न्हाणीघर, गोठ्याच्या पडवीवरून हाताशी येणारी कौले, छपरावर झुकलेली फणसाची फांदी, अशा जागा मग दिसू लागतात.

कौलांना चुंबक लावता येत नाही. तेथे माणसाच्या अंगातून निघणारे उष्णतेचे अदृश्य किरण ओळखणारा सेन्सर उपयोगी पडतो. त्याच्यासमोरून उष्ण शरीर सरकले की तो इशारा देतो. माजघरासारख्या, कोठूनही शिरणारास ओलांडाव्याच लागणाऱ्या जागी सात-आठ फूट उंचीवर, कोपऱ्यात, तो बसवावा. समोरून चालत येणारापेक्षा आडवा जाणारा त्यास लवकर दिसतो, हे जागा निवडताना ध्यानात ठेवावे. खिडकीकडे त्याचे तोंड करू नये. त्याचा एक दोष असा की, पत्र्याखालील खोली चैत्र-वैशाखात माणसाच्या अंगाइतकी तापली म्हणजे माणूस आणि भिंत यांतील भेद त्यास नीट उमगत नाही. दुसरा दोष पालीचा. त्याच्या भिंगावरून पाल गेली की त्यास ती माणसाएवढी भासते.

माणसे राहत असलेल्या घरी प्रश्न निराळा असतो. म्हातारा रात्री पाणी पिण्यास उठला की सायरन वाजावा, हे कोणास परवडणार? अशा घरी आतले सेन्सर बंद ठेवून केवळ दारे-खिडक्या राखण्याची सोय यंत्रात असलीच पाहिजे, आणि उशाशी एक दाबण्याचे बटण असावे. अशा जोडप्यास वीस कळांच्या यंत्रापेक्षा हे एक बटण अधिक मोलाचे.

आता हाकेचा प्रश्न. सायरनवर ११० डेसिबल असा आकडा असतो, तो बहुधा एक मीटरवरचा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे शंभर मीटरवर तो ७० राहतो, आणि चारशे मीटरवर समोरासमोर चाललेल्या संभाषणाइतका उरतो. मध्ये झाडी, टेकाड आणि पत्र्यावर कोसळणारा आषाढातील पाऊस असेल तर शेजारच्या वाडीत काहीच पोहोचणार नाही. शेजारची चारही घरे कुलूपबंद असतील, तर सायरन ऐकावयास चोर आणि वटवाघळे! तेव्हा महाड शहरातील दाट वस्तीत सायरन प्रमुख. पोलादपूरच्या डोंगरकुशीतील वाडीत मात्र यंत्राने फोन करणे प्रमुख.

फोन करणाऱ्या यंत्रात सिमकार्ड असते. विकत घेण्यापूर्वी घराच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात कोणत्या कंपनीचा सिग्नल मिळतो ते पाहावे. केवळ जुन्या टूजी पद्धतीचे यंत्र जिओच्या कार्डावर चालत नाही, कारण त्या कंपनीचे जाळे फोरजीपासूनच सुरू होते. यंत्रात पहिला क्रमांक मुंबईतील मुलाचा घालण्याची रीत आहे. ती अर्धीच बरोबर. मुलास मध्यरात्री फोन आला तरी तो कशेडी घाटाच्या अलीकडे पोहोचेपर्यंत उजाडते. पहिला क्रमांक गावात राहणाऱ्या भरवशाच्या शेजाऱ्याचा असावा, दुसरा पोलीस पाटलाचा, त्याची संमती घेऊन, तिसरा मुलाचा. शेजाऱ्याने एकट्याने घरात शिरू नये. दिवे लावावे, माणसे जागी करावी आणि ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे, एवढे आधीच बोलून ठेवावे.

देखभालीत सर्वांत घातक सवय आरंभी सांगितलीच आहे: जाताना मेन स्विच बंद करण्याची. यंत्रात राखीव म्हणून बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. यंत्र स्वस्थ असताही एक दशांश अँपिअर खात असेल, तर ती सत्तर तासांत रिकामी होते. घरमालक सहा महिने निर्धास्त, आणि घंटा तिसऱ्या दिवशीच मेलेली! शिवाय शिशाची बॅटरी पुरती रिती होऊन तशीच पडून राहिली तर कायमची निकामी होते. उपाय सोपा आहे. वायरमनकडून अलार्मसाठी स्वतंत्र लहान स्विच काढून घ्यावा आणि बाकीचे सर्व बंद करून तेवढा चालू ठेवावा. वळवाच्या विजांपासून यंत्र वाचावे म्हणून घराचे अर्थिंग त्याच वेळी तपासून घ्यावे.

महाड शहरात आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने शहरातील तळमजले बुडविले. पुराच्या पाण्याची खूण ज्यांच्या भिंतीवर आहे, त्यांनी यंत्राची मुख्य पेटी त्या खुणेच्या वर, शक्य तर माडीवर न्यावी.

बाकीची निगा झाडलोटीच्या जातीची आहे. सायरनच्या कर्ण्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते. मग आवाज घोगरा होतो. पेटीत मुंग्या शिरतात, दमट हवेने बॅटरीच्या टोकांवर किटण चढते, माळ्यावरील वायर उंदीर कुरतडतात. बिनतारी सेन्सर घेतले तर उंदरांचा त्रास चुकतो, परंतु प्रत्येकातील लहान बॅटरी बदलण्याची आठवण मागे लागते, आणि ती जुनी होऊन पाझरली तर सेन्सरही जातो. रिकाम्या घरासाठी नळीतून नेलेली वायरच बरी.

दोनदा उगाच वाजलेल्या घंटेस तिसऱ्या वेळी कोणी उठत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट सर्वांनीच ऐकलेली आहे. म्हणून पाल, मांजर किंवा सैल चुंबक यामुळे घंटा वाजली तर त्याचे कारण त्याच सुटीत शोधावे; 'पुढल्या खेपेस पाहू' म्हणून शहराकडे निघून जाऊ नये. शेजाऱ्याची झोप ही फुकटची वस्तू नव्हे.

गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन खेपांना घंटेची परीक्षा ठरवून घ्यावी. शेजाऱ्यास आधी सांगावे, प्रत्येक दार उघडून पाहावे, मग मेन स्विच पाडून केवळ बॅटरीवर सायरन वाजवावा आणि शेजाऱ्याचा फोन खणखणतो की नाही ते त्याच्याच ओटीवर बसून ऐकावे. सिमकार्डाचे पैसे पुढल्या खेपेपर्यंत पुरतील इतके भरावे. बॅटरी बसविल्याची तारीख तिच्यावरच न पुसणाऱ्या शाईने लिहावी आणि तीन वर्षे झाली की ती वाजत असली तरी बदलावी. निघताना घराची जादा किल्ली आणि घंटा बंद करण्याचा आकडा शेजाऱ्यापाशी ठेवावा.