खोडदचे दप्तर

नारायणगावाजवळच्या खोडद परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी जीएमआरटी नावाची महाकाय रेडिओ दुर्बीण पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभी आहे, तिचे दर्शन घेणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्या तारजाळीच्या अवाढव्य पात्रांवर खिळून राहते. ज्यांच्यासाठी ती पात्रे रात्रंदिवस वळत असतात ते अभ्यासक मात्र पुष्कळदा हजारो मैल दूर असतात.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून साकारलेली ही दुर्बीण २००२ पासून साऱ्या जगातील खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. परंतु यंत्राचा दरवाजा उघडणे ही एक गोष्ट, आणि त्या दरवाजातून आलेल्या परक्या माणसाला यंत्राचा खराखुरा उपयोग करता यावा अशी तजवीज ठेवणे ही दुसरी. आणि माझ्या मते, दुसरीच अधिक मोलाची आहे.

वर्षातून दोनदा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सत्रांसाठी, अर्ज मागविले जातात. आपला प्रश्न कोणता, त्यासाठी किती तास लागतील, इतकाच वेळ का हवा, याचा खुलासा अर्जदाराने करावयाचा आणि वेळवाटप समितीने त्याची छाननी करावयाची, असा रिवाज आहे. आकाशात अकस्मात काही घडले, तर सत्राची वाट न पाहता संचालकांच्या अखत्यारीतील राखीव वेळ मागता येतो.

मंजुरी मिळाली तरी खरी कसोटी पुढेच असते. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी आयनावरणातून येताना विचलित होतात, आणि मानवी प्रक्षेपणांच्या कोलाहलात त्या दबूनही जातात. म्हणून, ज्याप्रमाणे व्यापाऱ्याचा तराजू सरकारी शिक्क्याच्या वजनाने पारखावा लागतो, त्याप्रमाणे ज्यांचे तेज आधीच निश्चित झाले आहे अशा ‘थ्रीसी २८६’सारख्या स्रोतांकडे दुर्बीण वळवून सर्व मापे तपासून घ्यावी लागतात. नियंत्रणकक्षात पाळीपाळीने बसणारे कर्मचारी या कामी अभ्यासकाचे हात होतात. आणि ही विद्या ज्याला मुळापासून शिकावयाची आहे, त्याच्यासाठी १९९९ साली पुण्यात भरलेल्या वर्गातील व्याख्यानांचा ग्रंथ आहे. तो आजही नवागताचा पहिला आधार आहे.

या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत उदात्त वाटते ते तिचे दप्तर. निरीक्षणावर अर्जदाराचा एकट्याचा हक्क अठरा महिने राहतो; ती मुदत संपली की तीच सामग्री सर्वांना मोकळी होते. याचे फळ किती मोठे असू शकते पाहा. २०१० ते २०१२ या काळात खोडदहून दिसणारे आकाश १५० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर पद्धतशीरपणे टिपले गेले होते. दप्तरातील ती कच्ची सामग्री घेऊन हाउब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी आयनावरणाने केलेली विकृती संगणकाच्या साहाय्याने दूर केली, आणि २०१७ मध्ये सुमारे ३६,९०० चौरस अंशांचा, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के आकाशाचा, नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची नोंद आहे. त्या कामासाठी खोडदची एकही तबकडी नव्याने वळवावी लागली नाही.