दिवा आपला, डोळे समोरच्याचे

जानेवारी उजाडला की रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक चौकाचौकांत लागतात, आणि साखरपट्ट्यात हाच काळ गळीत हंगामाच्या ऐन भराचा असल्यामुळे, वर्तमानपत्रांच्या एकाच पानावर दोन बातम्या शेजारी शेजारी येतात: शहरात डोळे दिपवणारे दिवे बसवलेल्या मोटारींवर कारवाई, आणि कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॅक्टरांना व बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम. पहिली बातमी हौशी मोटारवाल्यांची आणि दुसरी परोपकाराची, असे समजून वाचक पुढे जातो. मला मात्र त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात. कारण वाहनावरील दिवा हा त्याच्या मालकाला दिसावे एवढ्याचसाठी नसून इतरांना नीट दिसावे, आणि आपण इतरांना दिसावे, यासाठीही आहे, हे तत्त्व कायद्याने फार पूर्वी स्वीकारले असून आपण ते अजून अंगी बाणवलेले नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम मी जेव्हा प्रथम लक्षपूर्वक वाचला, तेव्हा त्या रुक्ष मजकुरात एक माणूस उभा असलेला मला दिसला. वाहनाचा पुढचा दिवा अशा रीतीने खाली वळवलेला असावा की, दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा कोणाही व्यक्तीचे डोळे दिपता कामा नयेत, असा त्या नियमाचा आशय आहे. आपण डाव्या बाजूने वाहने हाकणारे लोक. उजवीकडून येतो तो समोरचा. दीड मीटर ही बेताच्या उंचीच्या उभ्या माणसाच्या दृष्टीची पातळी. म्हणजे सायकल हातात धरून कडेला थांबलेला दूधवाला, दुचाकीवरून येणारा शिक्षक, रस्ता ओलांडू पाहणारी बाई, यांच्यापैकी कोणीतरी त्या अंतरावर उभे आहे असे गृहीत धरून कायदा दिव्याची पारख करतो. तुम्हाला किती लांबचे दिसते, हा त्या नियमाचा प्रश्नच नाही.

बाजारातून आणलेला पांढराशुभ्र एलईडी बल्ब मोटारीच्या दिव्याच्या जुन्या घरात बसवला की नेमके काय बिघडते, हे मला एका तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे मोटारींचे वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींनी पाच मिनिटांत दाखवले. त्यांनी कंपनीचा ६०/५५ वॉटचा साधा हॅलोजन बल्ब चिमटीत धरून उजेडात फिरवला. आत दोन तारा. त्यांपैकी पुढच्या तारेखाली नखाएवढी धातूची वाटी. "साहेब, डिपरची सगळी अक्कल या वाटीत आहे," ते म्हणाले. "तारेचा खाली जाणारा उजेड ही वाटी अडवते. वरचा तेवढा आरशावर जातो आणि आरसा तो खाली रस्त्यावर टाकतो." मग त्यांनी गाडी भिंतीसमोर उभी करून तो बल्ब लावला: भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये सुरीने कापावी तशी रेघ उमटली, डाव्या बाजूला किंचित वर चढलेली, म्हणजे रस्त्याच्या कडेचे दिसावे आणि समोरच्याला झळ लागू नये अशी. त्यानंतर एका गिऱ्हाइकाने आणून दिलेला एलईडी बल्ब त्याच घरात बसवला. रेघ फिसकटली, उजेड भिंतीभर, पार पत्र्याच्या आढ्यापर्यंत पसरला. "गिऱ्हाईक हे बघतं आणि खूश होतं," मिस्त्री म्हणाले. "मी सांगतो, वर गेलेला उजेड तुमच्या कामाचा नाही, तो समोरच्याच्या डोळ्यांत गेला. ऐकतात थोडे."

आरसा हा तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब धरून घडवलेला असतो, आणि तेथे वेगळ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की तो हिशेब मोडतो. दोष एलईडीचा नसून अनमेळ जोडीचा आहे. म्हणूनच जर्मनीत २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या बदली एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची मंजुरी मिळाली, तीही चाचणी घेऊन सूचीत नोंदवलेल्या ठरावीक मोटारींपुरतीच.

आपल्याकडे, नोंदणीच्या दस्तऐवजात दिव्यांचा उल्लेख नाही, तेव्हा दिवा बदलण्यास हरकत कसली, असा युक्तिवाद पुष्कळ जण करतात. मात्र मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळातून आलेल्या एका प्रकरणात, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मज्जाव केला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ या कलमानुसार, सुटे भाग नव्याने बसवून कायद्याने परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारापोटी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रस्त्यावर अडवला जातो तो मालक. पण ज्या दुकानात शंभर वॉटचे बल्ब बिनदिक्कत विकले जातात, तेथवर कायद्याचा हात क्वचित पोहोचतो, आणि माझ्या मते कारवाईचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

आता दुसरी बाजू. खेड्यापाड्यांत ज्याला सर्रास 'रेडियम' म्हणतात, त्या परावर्तकाला स्वतःचा उजेड नसतो. लाल चकतीच्या आत परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन-तीन पृष्ठभागांचे बारीक कोपरे दाटीने बसवलेले असतात, आणि त्यांत शिरलेला किरण तीन ठिकाणी आपटून जिकडून आला तिकडेच परततो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेला परावर्तकही याच तत्त्वावर चालतो. पुढे पांढरा, मागे लाल, बाजूंना पिवळा, असा त्यांच्या रंगांचा दंडक आहे, आणि तो सुशोभनासाठी नाही: अंधारात पुढे चाललेली आकृती आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे, याचा निर्णय चालक केवळ त्या रंगावरून करतो. हौसेने पुढच्या बंपरला लाल पट्टी चिकटवणारा माणूस त्याला खोटी दिशा सांगत असतो.

मागच्या आठवड्यात फलटणहून बारामतीकडे रात्री येताना, समोरून आलेल्या एका मोटारीच्या निळसर झोताने माझे डोळे दिपले, आणि ती निघून गेल्यावर दोन-तीन क्षण रस्ता म्हणून काही उरलाच नाही. दृष्टी परतली तेव्हा पुढ्यात, हाताच्या अंतरावर वाटावी इतक्या जवळ, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. सुदैवाने माझा वेग कमी होता. कडेला थांबून मी पाहिले, तर मागच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर होते, तेही सुस्थितीत. परंतु फाळक्याबाहेर हातभर आलेल्या मोळ्यांचे वाढे त्यांच्यावर पडद्यासारखे लोंबत होते. कार्यक्रमात रिफ्लेक्टर रिकाम्या ट्रॉलीला लावले गेले, आणि रस्त्यावर आली ती भरलेली ट्रॉली.

बैलगाडीची अवस्था याहून बिकट, कारण यंत्राने चालणारे वाहन ते मोटार वाहन, या व्याख्येत ती बसतच नाही. पहाटे दोनला तोडणी कामगाराचे कुटुंब घेऊन निघालेल्या टायरच्या गाडीला मोटार वाहनांचे परावर्तकांविषयीचे नियम लागूच होत नाहीत.

तजवीज मात्र अवघड नाही. गाडी असो वा ट्रॉली, प्रत्येक खेपेला ती कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली उभी राहते आणि गव्हाणीत ऊस टाकून झाल्यावर पुन्हा रिकामी उभी राहते; अशी दुहेरी संधी कोणत्याही अमलदाराला महामार्गावर मिळणार नाही. रिकाम्या गाडीचे वजन घेताना काट्यावरील कारकुनाने एका दोरीला ओवलेल्या चार लाल चकत्या गाडीवानाच्या हवाली कराव्यात, फडात मोळ्या रचून झाल्यावर ती दोरी वाढ्यांच्या बाहेरून बांधली जावी, आणि पुढच्या खेपेला भरलेली गाडी काट्यावर चढताना ती जागेवर आहे की नाही, एवढे पाहूनच पावती फाडावी.