संगणकाला 'शेख' कळत नाही

गेल्या जूनमध्ये नालासोपाऱ्याहून एका वालिदांचा फोन आला. मुलगी आमचीच विद्यार्थिनी, दहावीला उत्तम गुण. एका शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरला होता आणि तो 'नाव जुळत नाही' असे सांगून परत येत होता. "सर, पोरीचं नाव एकच आहे हो. मीच ठेवलंय, मला ठाऊक नाही होय?"

कागद घेऊन त्यांना बोलावले. टेबलावर पसरले तेव्हा घोळ दिसला. गुणपत्रिकेवर आडनाव एस-एच-ए-आय-के-एच. आधार कार्डावर एस-एच-ई-के-एच. जन्मदाखल्यावर शेवटचा एच गळालेला. वडिलांच्या नावातला 'मोहम्मद' एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसता एम-ओ-एच-डी आणि पुढे टिंब. चार दिवस ते सायबर कॅफे, आधार केंद्र आणि आमचे कार्यालय अशा फेऱ्या मारत राहिले. आधारमधली दुरुस्ती होऊन आली, पण तोवर अर्जाची मुदत टळली होती. वर्षभराचे पैसे गेले. ज्या वह्या-पुस्तकांसाठी ते मिळणार होते, त्यासाठी वालिदांनी उसने घेतले.

त्या मुलीला संगणक विषयातही चांगले गुण होते. रॅम म्हणजे काय, सीपीयूचे पूर्ण रूप काय, हे ती झोपेतही सांगेल. पण आपल्याच नावापाशी यंत्र का अडले, हे तिला सांगता येईना. चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही तिला इनपुट, प्रोसेस, आउटपुटची चौकट काढायला शिकवली होती, आत काय घडते ते नव्हते शिकवले. तेव्हापासून आठवी-नववीच्या वर्गात संगणकाचा पहिला धडा आम्ही पुस्तकातून घेत नाही. तो मुलांच्या नावातून घेतो. वाचकहो, तो धडा इथे मांडतो, कारण त्याची गरज मुलांइतकीच घरातल्या मोठ्यांनाही आहे.

वर्गात दोन मुलांना समोर बोलावतो आणि एकेकाच्या हातात एकेक कागद देतो. तिसरा होतो 'संगणक'. त्याने फक्त एकच काम करायचे: दोन्ही कागदांवरचे पहिले अक्षर पाहायचे, तेच असेल तर 'तेच', वेगळे असेल तर 'दुसरे' म्हणायचे. मग दुसरे अक्षर, मग तिसरे. विचार करायचा नाही, अंदाज बांधायचा नाही, "अरे हा तर आपलाच शेख" असे म्हणायचे नाही. एस, तेच. एच, तेच. इथवर ठीक. तिसऱ्या अक्षराला एका कागदावर ए, दुसऱ्यावर ई. 'दुसरे!' खेळ संपला. वर्ग हसतो. पण 'संगणक' झालेला मुलगा बेचैन असतो, कारण त्याला दिसत असते की माणूस एकच आहे आणि तसे म्हणायची त्याला मुभा नसते. ती बेचैनी खऱ्या यंत्राला नसते, एवढाच फरक.

यंत्राच्या आत तर अक्षरेही नसतात. असतात चालू किंवा बंद अशा अतिसूक्ष्म कळा. चालूला एक म्हणू, बंदला शून्य. अशी एक खूण म्हणजे बिट, आठ खुणांचा गट म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या जुळण्या बसतात. आता कोणती जुळणी म्हणजे कोणते अक्षर, हे माणसांनी आपसात ठरवायला हवे. इंग्रजी अक्षरांचा असा तक्ता अमेरिकेत १९६३ साली ठरला, त्याचे नाव आस्की. त्यात मोठा ए म्हणजे ६५, म्हणजेच ०१०००००१. मोठा एस ८३, लहान एस ११५. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही क्रमांक आहे, ३२. म्हणून नावापुढे चुकून एक जागा सुटली, तरी यंत्राच्या दृष्टीने ते एक अक्षर जास्तच. पडद्यावर ते आपल्याला दिसतही नाही.

तक्ता हरवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या पायाखालीच आहे. सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच परिसरात १९५६ साली दुसरा सापडला. ब्राह्मी लिपीतली ही अक्षरे दगडात शाबूत होती, पण ती लिपी वाचणारे शेकडो वर्षांपूर्वीच संपले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा तक्ता पुन्हा जुळवला नसता, तर इंद्रजींच्या हातातला तुकडा म्हणजे नुसत्या रेघोट्या ठरला असता. साठवलेली माहिती शिल्लक असणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. शाळेच्या जुन्या अहवालांची फाइल नव्या संगणकावर उघडल्यावर आम्ही हेच भोगले. मजकूर मराठीत टंकलेला, पण जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नव्या यंत्रात नव्हता, म्हणून समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! जुने मराठी फॉन्ट इंग्रजीच्याच क्रमांकांवर देवनागरीचे आकार चढवीत. आकार निघून गेले, क्रमांक उरले.

हा गोंधळ मिटावा म्हणून जगातल्या सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता करण्यात आला, युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीच्या 'ब'चा क्रमांक २३४८ आणि उर्दू-अरबीच्या 'बे'चा १५७६. ध्वनी एक, क्रमांक दोन. (सोपाऱ्याच्या दगडावरची ब्राह्मीही २०१० साली या तक्त्यात आली. म्हणजे अशोकाचा लेख आता मोबाइलवर लिहिता येतो!) हे क्रमांक साठवण्याची आज सर्वात रूढ पद्धत यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन, देवनागरीच्या अक्षराला तीन. शेख हे आडनाव इंग्रजीत सहा अक्षरांनी लिहिले तर सहा बाइट. उर्दूत शीन, ये, खे मिळून सहाच. मराठीत मात्र 'श', त्यावरची मात्रा आणि 'ख', तिन्हींचे मिळून नऊ. मात्रेलाही स्वतंत्र क्रमांक असतो, हे ऐकून मुले चकित होतात. मोबाइलचा साधा एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा आणि मराठी-उर्दूत अवघा ७० अक्षरांचा का, याचेही मूळ इथेच आहे. तिथे पद्धत वेगळी, पण जागेचा हिशेब असाच.

उर्दूच्या तासाला आणखी एक गंमत दाखवतो. उर्दूची 'छोटी ये' आणि अरबीची 'ये' शब्दाच्या मध्ये हुबेहूब सारख्या दिसतात, तेच दोन नुक्ते खाली. पण तक्त्यात एकीचा क्रमांक १७४० आणि दुसरीचा १६१०. मोबाइलवर कुणी अरबी कीबोर्ड ठेवलेला असेल आणि दुसऱ्याने उर्दू, तर दोघांनी लिहिलेला 'शेख' डोळ्याला एक आणि यंत्राला दोन. मग शोधताना सापडत नाही, आणि आपण नेटला दोष देतो.

एवढे कळल्यावर मुले हमखास विचारतात, "सर, मग संगणकाला थोडं सैल का करत नाहीत?" प्रश्न चांगला आहे, आणि जुनाही. सारख्या उच्चाराची नावे एकत्र यावीत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. तिला साउंडेक्स म्हणतात. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर आणि एच गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना ठरलेले आकडे द्यायचे. या रीतीने शेखची चारही रूपे, ए-आय असो की ई, शेवटी एच असो वा नसो, 'एस २००' या एकाच खुणेत जमा होतात. वर्ग टाळ्या वाजवतो. मग आम्ही फळ्यावर 'सुयश' लिहायला सांगतो. त्याचीही खूण निघते 'एस २००'! आता शेख आणि सुयश एकच माणूस झाले. शिवाय पूर्ण मोहम्मदची खूण येते 'एम ५३०' आणि एम-ओ-एच-डीची 'एम ३००', म्हणजे आपली खरी अडचण सुटलीच नाही. यंत्र घट्ट ठेवले तर आपल्याच माणसाला अडवते, सैल केले तर परक्यालाही आत घेते. किती सैल ठेवायचे हे यंत्र ठरवत नाही, प्रोग्राम लिहिणारा आणि त्याला तसे सांगणारे ठरवतात. मुलांनी हा भेद लहानपणीच ओळखावा. उद्या त्यांच्यातलाच कुणी त्या खुर्चीवर बसेल.

अशा पायरी-पायरीच्या कृतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द आला कुठून, हे आमच्या मुलांना सांगताना मजा येते. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले गणिती मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी. हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला तेव्हा तिकडच्या लोकांना 'ख्वारिझ्मी' हे नाव काही जमले नाही, आणि त्याचे 'अल्गोरित्मी' झाले. म्हणजे नावाच्या बिघडलेल्या स्पेलिंगातूनच या विद्येचा मुख्य शब्द जन्मला! त्यांना आधारशी नाव जुळवायचे नव्हते, एवढे बरे.

आधारवरून आठवले. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा पहिल्या अकरांचा पहारेकरी असतो. याकोबस व्हेरहोफ या डच गणितज्ञाच्या रीतीने तो काढतात. बारांपैकी कोणताही एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट पडले, तर हिशेब बिघडतो आणि यंत्राला चूक लगेच कळते. नावाला असा पहारेकरी नाही. कुणीतरी घाईत टंकलेले 'शेक' तसेच आत जाते आणि वर्षानुवर्षे तिथेच बसते. आता शाळेतल्या प्रत्येक मुलाचा 'अपार' क्रमांक काढायचा असतो. तोही बारा आकडी. आधारवरचे नाव आणि शाळेच्या युडायस नोंदीतले नाव जुळले नाही, तर तो तयार होत नाही. शिक्षकांच्या खोलीत हल्ली चहापेक्षा या विषयाची चर्चा जास्त.

आपल्या भागात तर नावांइतकाच घोळ गावांचाही आहे. नालासोपारा इंग्रजीत कुणी एका एलने लिहितो, कुणी दोनने, कुणी 'नाला' आणि 'सोपारा' तोडून. वसईचे जुने कागद 'बेसिन' म्हणतात. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ला झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला. आज दहावीत असलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे असणार, आधारच्या पत्त्यावर पालघर. दोन्ही बरोबर आहेत. अर्ज भरताना कोणत्या रकान्यात जन्मस्थळ आणि कोणत्या रकान्यात सध्याचा पत्ता, हे मात्र नीट वाचायला हवे. यंत्राला इतिहास माहीत नसतो.

घरच्यांनी काय करावे? आम्ही पालकसभेत सांगतो ते असे. एका कागदावर मुलाचे पूर्ण नाव इंग्रजीत, मराठीत आणि उर्दूत ठरवून लिहा. 'मोहम्मद' पूर्ण की संक्षिप्त, आडनाव आधी की नंतर, 'बी' किंवा 'बानो' नावाला जोडून की सुटे, हे आत्ताच ठरवा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कॅफेवाल्याला नाव तोंडी सांगू नका, कागद दाखवा, आणि 'सबमिट' दाबण्याआधी पडद्यावरचे एकेक अक्षर बोटाने वाचा. घरात नवे बाळ आले असेल तर सर्वात जास्त काळजी जन्मदाखल्याची घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी कायद्याने तोच मूळ पुरावा धरला आहे, शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चूक असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज द्या. दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. कित्येक पालक आमच्याकडे येतात ते दाखला घेऊन गेल्यानंतर, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी.

कुणी म्हणेल, यात संगणक शिक्षण कुठे आले? आमच्या मते हेच ते. गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे फलक आहेत, मुले प्रमाणपत्रेही आणतात, आणि ते चांगलेच आहे. पण स्लाइडला रंग देता येणे आणि आपली नोंद यंत्रात कशी बसली आहे हे ओळखता येणे, यात अंतर आहे. स्लाइडचा रंग चुकला तर फार तर कुणी हसेल.

ती मुलगी आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. मागच्या महिन्यात ती आपल्या अम्मीबरोबर शाळेत आली होती, धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी. फॉर्म भरून झाला तशी तिने तो आमच्या हातून मागून घेतला, भावाचा जन्मदाखला शेजारी ठेवला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी अक्षरामागून अक्षर पुढे सरकू लागली. अम्मी म्हणाल्या, "अगं, सरांनीच भरलाय ना!" तिने मान वर केली नाही. वडिलांच्या नावापाशी तिची बोटे थांबली. आम्ही सवयीने एम-ओ-एच-डी लिहिले होते.