अठरा गाणी, चौपन्न हात आणि एक वऱ्हाडी गळा

वऱ्हाडातून मुंबईला आजवर काय काय गेले याची यादी करायला कुणी बसला, तर पहिला मान कापसालाच द्यावा लागेल. अकोल्याच्या जिनांतून निघालेल्या गाठी आगगाडीत पडल्या आणि मुंबईच्या गिरण्यांत जाऊन त्यांचे सूत झाले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु कापसाबरोबर आणखी एक माल या मुलखातून मुंबईला जात आला आहे आणि त्याची पावती मात्र फारशी कुणी फाडलेली नाही. तो माल म्हणजे वऱ्हाडी माणसाचा आवाज. १९५६ साली गाडगेबाबांचे कीर्तन मुंबईत वांद्र्याला झाले आणि ते ध्वनिफितीवर उतरले. अंजनगावकडची ती रोखठोक बोली, श्रोत्याला प्रश्न विचारून उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेण्याची ती हातोटी, सारे त्या फितीत सापडते. पुढे ६३ वर्षांनी, २०१९ साली, त्याच अमरावती जिल्ह्यातील एका तरुणाचा गळा मुंबईत सिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेवर उमटला. ती मुद्रिका म्हणजे 'गली बॉय' या हिंदी चित्रपटाची गाणी. तरुणाचे नाव सौरभ अभ्यंकर. तो स्वतःला '१०० आरबीएच' म्हणवतो. शंभर म्हणजे हिंदीतले 'सौ', पुढे 'रभ'ची इंग्रजी अक्षरे. झाला की नाही सौरभ!

'रॅप' हा शब्द ऐकताच पुष्कळ वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. "हे काय गाणे आहे? ना सूर, ना ताल, नुसती बडबड!" सुराविषयीची तक्रार आपण मान्य करू. तालाविषयीची मात्र साफ नामंजूर. रॅप म्हणजे तालात बांधलेले बोलणे. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरायचे, त्यात शब्द ठासून भरायचे आणि यमक बहुधा चौथ्या ठोक्याच्या आसपास आणून आदळायचे, हा त्याचा साधा हिशेब. ठोका सैल पडला की सगळा डोलारा कोसळतो. आणि हा प्रकार आपल्याला अगदीच परका आहे असे कोण म्हणतो? अठराव्या शतकात आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या अमृतरायांनी कीर्तनात 'कटाव' गाजवला. अनुप्रासांची सरबत्ती, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे अशी शब्दांची धाव. कटावाला गाण्याचा आलाप लागत नाही आणि गद्याचा सैलपणा खपत नाही. आजचा रॅप करणारा पोरगा तेच करतो. त्याला अमृतरायांचे नाव माहीत नसेल, एवढाच काय तो फरक.

अर्थात हिप-हॉपचे मूळ गाव आपले नव्हे, ते न्यूयॉर्क. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील ब्राँक्स विभागातल्या सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याच्या सुमारास मेजवानी ठेवली. तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल मूळचा जमैकाचा; लोक त्याला कूल हर्क म्हणत. तबकड्या वाजवण्याचे काम त्याच्याकडे होते. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणाऱ्यांच्या अंगात येते, हे त्याने हेरले होते. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. चार-सहा सेकंदांचा तुकडा मिनिटेच्या मिनिटे चालू लागला आणि त्या ठेक्यावर माणसे बोलू लागली. वाद्ये विकत घ्यायची ऐपत नाही, शिकवणी लावायला पैसा नाही, अशा वस्तीने दुसऱ्यांच्या तबकड्यांतून आपले वाद्य घडवले. गरिबाच्या घरी फाटक्या लुगड्यांची गोधडी होते, तसाच हा प्रकार.

पुढे १९९४ साली न्यूयॉर्कच्याच क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी चाळवजा वसाहतीत वाढलेल्या नास या वीस वर्षांच्या तरुणाने 'इल्मॅटिक' ही मुद्रिका काढली. पुरती चाळीस मिनिटेही नाहीत, पण एका वस्तीचे जिने, कट्टे, तुरुंगात गेलेले मित्र आणि मेलेले सोबती तिच्यात असे आले की आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत तिची गणना केली आहे. हा नास आपल्या कथेत पुन्हा भेटणार आहे.

आता मुंबईकडे वळू. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजेच नेझी, आणि अंधेरीच्या जे. बी. नगरचा व्हिव्हियन फर्नांडिस, म्हणजेच डिव्हाइन, हे या कथेचे दोन मूळपुरुष. पहिले परदेशी रॅपर इंग्रजीत बोलत, म्हणून येथली पोरेही आधी इंग्रजीची उसनवारी करीत. या दोघांनी ती उसनवारी फेडून टाकली आणि गल्लीत जी मुंबईची हिंदी बोलली जाते तिच्यातच शब्द मांडले. डिव्हाइनचे 'ये मेरा बॉम्बे' २०१३ साली आले. नेझीने २०१४ साली 'आफत' केले, तेव्हा त्याच्यापाशी वडिलांनी दिलेली एक आयपॅड नावाची पाटी होती. आवाज त्याच पाटीवर मुद्रित, चित्रीकरण त्याच पाटीवर, आणि जगापुढे ठेवणेही तिच्यावरूनच. ना स्टुडिओ, ना कंपनी! २०१५ साली दोघांनी मिळून 'मेरे गली में' केले आणि त्याला ठेका दिला दिल्लीच्या सेझ या संगीतकाराने. ते गाणे चाळीचाळींतून वाजू लागले.

दिग्दर्शिका झोया अख्तर यांच्या पाहण्यात 'आफत' आले ते त्यांच्या 'दिल धडकने दो' या चित्रपटाचे संकलन चालू असताना. श्रीमंतांच्या जहाजावरची कथा एका पडद्यावर आणि कुर्ल्याच्या गल्लीतला मुलगा दुसऱ्या पडद्यावर! त्यातून 'गली बॉय'चे बीज पडले. पटकथा झोया अख्तर आणि रीमा कागती यांनी लिहिली. नायक मुराद धारावीचा आहे; नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यावरून ती कल्पना स्फुरली, तरी चित्रपट म्हणजे त्यांचे चरित्र नव्हे.

येथे संगीताचा खरा प्रश्न उभा राहिला. हिंदी चित्रपटाची जुनी रीत अशी, की एक संगीत दिग्दर्शक, एक गीतकार, दोन-चार पार्श्वगायक आणि काम फत्ते. येथे ती रीत चालली असती तर गल्लीच्या पोरांच्या तोंडी बंगल्यातले शब्द आले असते. म्हणून अंकुर तिवारी यांना संगीताची देखरेख सोपवून निरनिराळ्या कलावंतांकडून गाणी जमा करण्यात आली. तयार झालेल्या मुद्रिकेत १८ रचना आहेत आणि तिला सुमारे ५४ जणांचे हात लागले आहेत. 'मेरे गली में' पुन्हा नव्याने मुद्रित झाले. डब शर्मा याने संगीत दिलेल्या 'अपना टाइम आएगा'चे शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे. नायक रणवीर सिंग याने उसना आवाज न घेता बरीचशी गाणी स्वतःच म्हटली. जावेद अख्तर यांच्यासारख्या बुजुर्ग कवीच्या ओळी आणि काम भारी, स्पिटफायर, एमसी अल्ताफ अशा पोरसवदा मंडळींचे शब्द एकाच मुद्रिकेत शेजारी शेजारी बसले. आणि चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नाव आले ते क्वीन्सब्रिजच्या नासचे. गाणी जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आली, चित्रपट १४ फेब्रुवारीला.

या १८ रचनांत 'इंडिया ९१' नावाची एक आहे. भारताला दूरध्वनी लावताना ९१ हा आकडा फिरवावा लागतो, त्यावरून हे नाव. वऱ्हाडी वाचकाने ही रचना जरूर ऐकावी. तिची बैठक मुंबईचे मृदंगवादक विवेक राजगोपालन यांची. कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची एक कला आहे. 'तकधिमि' म्हणजे चार, 'तकिट' म्हणजे तीन. चारच्या चौकटीत तीन-तीनचे गट फिरवीत नेमके समेवर येऊन उभे राहायचे. राजगोपालन यांनी हे गणित 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप-मंडळीतील पोरांना शिकवले आणि त्यांच्याकडून 'ता धोम' नावाचा उपक्रम उभा केला. दक्षिणेच्या देवळातला ताल आणि उपनगरी गाडीच्या डब्यातली भाषा यांची अशी सोयरीक झाली. 'इंडिया ९१' हे त्याच सोयरिकीचे फळ. मराठी, गुजराती, पंजाबी, हिंदी अशा भाषा एकामागून एक येतात. एमसी मवाली, एमसी तोडफोड, महार्या, नॉक्शस डी, एमसी अल्ताफ यांच्या पंगतीला आपला अमरावतीचा सौरभ बसला आहे.

एक लक्षात घ्या. सौरभला मुंबईने बोलावले ते त्याने मुंबईची नक्कल केली म्हणून नव्हे. नकलाकार मुंबईला घरचेच पुष्कळ आहेत. तो मराठीत आणि हिंदीत लिहितो, आपल्या रचनांत वऱ्हाडी बोली वापरतो आणि अमरावतीचे नाव लपवीत नाही. २०२३ साली दूरचित्रवाणीवरील 'हसल' या रॅपच्या स्पर्धेत तो उतरला, तेव्हाही घराघरांतून हा आवाज ऐकला गेला. आपल्याकडे पोरगा पुण्याला शिकायला गेला की पहिल्या सहा महिन्यांत 'करून राह्यलो' सोडून 'करतोय' म्हणायला शिकतो, कारण वसतिगृहात हसू होते. नाटक-सिनेमांतही वऱ्हाडी बोलणारा बहुधा गडी नाहीतर विदूषक. खरे तर मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' सिद्ध झाला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' कादंबरीत वऱ्हाडी बोलीने वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणले. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी तीच बोली कविसंमेलनाच्या व्यासपीठावर मानाने नेली. तेव्हा बोलीत दम नाही असे नव्हे. ती बोलताना आपणच मान खाली घालीत आलो.

आता मुद्रिकेच्या पुढल्या कथेकडे येऊ. २०२० सालच्या फिल्मफेअर समारंभात 'गली बॉय'ने १३ पारितोषिके पटकावली. त्यात 'अपना टाइम आएगा'च्या शब्दांचाही सन्मान होता. २०१९ सालीच नासशी संबंधित 'मास अपील' या संस्थेची भारतीय शाखा निघाली आणि तिने डिव्हाइनची 'कोहिनूर' ही मुद्रिका काढली. त्याच वर्षी 'हसल' ही स्पर्धा सुरू झाली. तालुक्याच्या गावीही भ्रमणध्वनीवर ठेका लावून वहीत यमके जुळवणारा मुलगा आढळू लागला. 'पोरगा काय पुटपुटतो?' असे विचारणाऱ्या आईला उत्तर देण्यासाठी त्याच्यापाशी आता एका चित्रपटाचे नाव होते.

पण गौरवाच्या यादीवरच थांबलो तर तो अर्धाच हिशेब होईल. टीकाही झाली आणि ती ऐकण्याजोगी होती. डब शर्माची 'आझादी' ही रचना मुळात २०१६ सालच्या दिल्लीतील विद्यार्थी-आंदोलनाच्या घोषणांवरून झालेली. चित्रपटात ती आली नव्या शब्दांसह, आणि तिची धार बोथट झाली असे अनेकांनी म्हटले. मोठा पैसा गल्लीतल्या गाण्याला हाताशी धरतो, तेव्हा खांद्यावर हात ठेवता ठेवता तोंडावरही ठेवतो की काय, ही शंका रास्तच होती. परंतु तोंड बंद झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याच 'स्वदेसी' मंडळीने २०१९ साली आरे वसाहतीतले आदिवासी लोककलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली आणि जंगलतोडीविरुद्ध आवाज उठवला. चित्रपट येतो आणि जातो. मंडळीने आपले काम चालू ठेवले.

आणि एक दुःखाची गोष्ट. त्या पंगतीतला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करणारा मुंबईचा पोरगा. मार्च २०२२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे २४ होते. झोया अख्तर आणि रणवीर सिंग यांनी त्याच्यासाठी शोक व्यक्त केला. 'इंडिया ९१' आज ऐकताना त्याची गुजराती कडवी आली की ठेका जरा निराळाच लागतो. ध्वनिमुद्रिकेचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर हेच उत्तर द्यावे. माणूस राहात नाही, आवाज राहतो.

आवाज राहण्यासाठी तो आधी कुठेतरी मुद्रित मात्र व्हावा लागतो. आणि या बाबतीत वऱ्हाडाला ठेक्याची उणीव कधीच नव्हती. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने खेडीच्या खेडी जागी केली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात, तेव्हा ढोलांच्या आवाजाने रात्रभर शहराला झोप नसते. शब्द आहेत, ताल आहे, बोलायला विषय तर शेतीपासून बेकारीपर्यंत वाटेल तेवढे पडले आहेत. पूर्वी म्हणायची सोय होती की मुंबईला स्टुडिओ आहेत, आपल्याकडे नाहीत. कुर्ल्याच्या मुलाने एका पाटीवर गाणे करून ती सबब काढून घेतली. अमरावतीच्या मुलाने दुसरी सबबही काढून घेतली, की आपल्या बोलीला तिकडे कोण विचारतो.

म्हणून या दिवाळीत घरातला एखादा पोरगा, किंवा पोरगीही, कोपऱ्यात बसून हाताच्या बोटांनी मांडीवर ठेका धरीत काही पुटपुटताना दिसली, तर लगेच अभ्यासाची आठवण करून देऊ नका. आधी विचारा, "काय लिवलं बाप्पा? म्हणून दाखव!" ऐकून झाल्यावर यमक चुकले असेल तर खुशाल सांगा. बोली मात्र सुधारायला जाऊ नका.